कराच्या तारखा एकाच्या डोक्यात नकोत, भिंतीवर हव्यात

मराठी घरातले भिंतीवरचे कॅलेंडर नीट पाहिले, तर सगळा संसार त्यावर सापडतो. दूधवाल्याचे खाडे, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, मुलांच्या परीक्षा, संकष्टी, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचा दिवस. मग ते घर पुण्यात असो, इंदूरला असो, बडोद्याला असो की बेळगावला. त्यावर सहसा एकच गोष्ट नसते, ती म्हणजे कर भरण्याच्या तारखा. त्या असतात घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात, नाहीतर त्याच्या सीएच्या वहीत.

तो माणूस धडधाकट असेपर्यंत काही बिघडत नाही. पण त्याला इस्पितळात राहावे लागले, दूरच्या गावी बदली झाली, किंवा दुर्दैवाने तो राहिलाच नाही, तर घरातल्या बाकीच्यांना कळतच नाही की कुठला कागद कधी कुठे द्यायचा होता. सरकारी तारीख कोणासाठी थांबत नाही. दंड आणि व्याज मात्र घरखर्चाच्या पैशातूनच जाते. म्हणून या वेळी वर्षभराच्या तारखांचा एकत्र विचार करू. पेन हातात घेऊनच वाचा.

वर्ष सुरू होते एप्रिलला

कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आजवर ज्या वर्षात कमाई झाली ते ‘मागील वर्ष’ आणि त्यापुढचे ‘आकारणी वर्ष’, अशी जोडी होती आणि भल्याभल्यांचा तिथे गोंधळ होई. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात ही जोडी जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे. कलमांचे क्रमांकही बदलले. त्याने गांगरून जाऊ नका. कलमांचे क्रमांक सीएने पाहावेत, आपण तारखा पाहाव्यात.

एप्रिलमधली पहिली तारीख आहे ५. पीपीएफमध्ये वर्षाची रक्कम एकदम भरणार असाल, तर ती ५ एप्रिलपर्यंत भरा. या खात्यावर प्रत्येक महिन्याची ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या कमीत कमी शिलकीवर व्याज धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशाचे त्या महिन्याचे व्याज गेलेच.

दुसरे काम बँकेतले. ठेवींवरचे व्याज एका बँकेत वर्षाला ५० हजारांवर गेले, तर बँक कर कापून घेते. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ही मर्यादा एक लाख रुपये आहे. ज्यांच्या एकूण उत्पन्नावर करच बसत नाही, त्यांनी ‘माझा कर कापू नये’ असे घोषणापत्र द्यायचे असते. वर्षानुवर्षे लोक त्याला पंधरा जी आणि पंधरा एच म्हणत आले. ते दरवर्षी नव्याने आणि प्रत्येक बँकेत वेगळे द्यावे लागते. ‘गेल्या वर्षी दिले होते’ हे चालत नाही. एकदा कर कापला गेला की बँक तो परत देत नाही. रिटर्न भरून परताव्याची वाट पाहावी लागते.

पगारदारांनी नवी करप्रणाली हवी की जुनी, हे याच महिन्यात कार्यालयाला कळवायचे असते. घरपट्टीचेही बिल याच सुमारास येते. वेळेआधी एकरकमी भरणाऱ्यांना सूट देण्याची पद्धत अनेक महापालिकांत आहे. आपल्या बिलावरची तारीख पाहून ती लगेच कॅलेंडरवर उतरवा.

जून : कागद जमवायचा महिना

१५ जूनपर्यंत मालकाने पगार आणि कापलेला कर यांचा दाखला द्यायचा असतो. सगळे त्याला ‘फॉर्म सोळा’ म्हणून ओळखतात. मे महिन्यातच रिटर्न भरण्याची घाई काही जण करतात, ती बरी नव्हे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचा तपशील देण्याची बँकांची आणि मालकांची मुदत ३१ मेपर्यंत असते. त्यामुळे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचे पूर्ण चित्र जूनच्या मध्यापासून दिसू लागते. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण तेव्हा उघडा आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. तुम्ही विसरलेली ठेव विभाग विसरलेला नसतो.

घरी शिकवण्या, ब्यूटी पार्लर, दवाखाना किंवा शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या महाराष्ट्रातल्या नोंदणीधारकांनी ३० जून लक्षात ठेवावी. स्वतःच्या व्यवसाय कराचे अडीच हजार रुपये भरण्याची ती तारीख. दिल्ली, उत्तर प्रदेश, राजस्थान इथे हा करच नाही. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम पाहावा.

आगाऊ कराच्या चार तारखा

‘आगाऊ कर म्हणजे कारखानदारांचे काम’ असा समज फार पक्का आहे. तो चुकीचा आहे. कापून गेलेला कर वजा केल्यावर वर्षाला १० हजार किंवा अधिक कर भरायचा उरत असेल, तर आगाऊ कर लागू होतो. घरभाडे येणारे, शेअर विकणारे, मोठ्या ठेवी असणारे हे सगळे त्यात येतात. बँक व्याजावर दहा टक्केच कापते. नव्या प्रणालीत १२ लाखांवरच्या उत्पन्नाचा दर पंधरा टक्क्यांपासून सुरू होऊन तीसपर्यंत जातो. मधला फरक आपणच भरायचा असतो.

तारखा अशा : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. चारही महिन्यांची तारीख एकच आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

समजा, वर्षाचा उरलेला कर ४० हजार आहे. मग जूनला ६ हजार, सप्टेंबरला १२ हजार, डिसेंबरला १२ हजार आणि मार्चला १० हजार. एकही हप्ता भरला नाही, तर पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर तीन-तीन टक्के आणि शेवटच्यावर एक टक्का, असे २,०२० रुपये व्याज होते. शिवाय एप्रिलपासून दरमहा एक टक्का वेगळा. जुलैअखेर भरले तरी ते १,६०० रुपये. म्हणजे ३,६२० रुपये निव्वळ विसरभोळेपणाचे.

यातून दोघांना सवलत आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही. अंदाजित नफ्याच्या सोप्या योजनेत असलेल्या छोट्या व्यावसायिकांना सगळा कर १५ मार्चला एकदम भरता येतो.

३१ जुलै आणि पुढचे तीस दिवस

पगारदार आणि पेन्शनर यांच्यासाठी रिटर्नची मुख्य तारीख ३१ जुलै. हिशेब-तपासणी लागू नसलेल्या व्यावसायिकांना ३१ ऑगस्टपर्यंत मुदत देण्याची तरतूद २०२६ च्या अर्थसंकल्पात आली.

‘तारीख वाढतेच’ असे म्हणणारा एक जण प्रत्येक कार्यालयात असतो. २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, हे खरे. पण २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैच राहिली. त्याच्या भरवशावर राहिलेल्यांनी विलंब शुल्क भरले.

रिटर्न पाठवले की काम संपले असेही नाही. ते तीस दिवसांच्या आत आधारवरच्या ओटीपीने किंवा अन्य मार्गाने पडताळून द्यावे लागते. पूर्वी यासाठी १२० दिवस मिळत. ऑगस्ट २०२२ पासून तीसच मिळतात. पडताळणी राहिली तर पाठवलेले रिटर्न न पाठवल्यासारखेच.

कर शून्य, तरी रिटर्न हवे

‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?’ हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो तो सवलतीमुळे. ती सवलत रिटर्नमध्येच मागायची असते. उत्पन्न चार लाखांवर असेल, तर कर शून्य असूनही रिटर्न भरणे बंधनकारक आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांवरच्या विशेष दराच्या नफ्याला तर ही सवलत मिळतच नाही. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि पेन्शन व व्याज एकाच बँकेतून घेणाऱ्या ज्येष्ठांना, बँकेला तसे घोषणापत्र दिल्यास, रिटर्नपासून सूट मिळू शकते. आजी-आजोबांसाठी बँकेत एकदा चौकशी करून ठेवा.

मुदत चुकली तर

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते, पण फुकट नाही. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार आणि त्यावर असेल तर पाच हजार रुपये शुल्क. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांनी ३१ डिसेंबरला रिटर्न आणि कर एकदम भरला, तर हप्त्यांचे २,०२०, एप्रिलपासूनचे ३,६०० आणि ऑगस्टपासून उशिराचे २,००० असे व्याज, अधिक ५ हजार शुल्क. एकूण १२,६२० रुपये. चाळीस हजारांच्या करावर!

याहून मोठे नुकसान दिसत नाही. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क उशिराच्या रिटर्नने जातो. जुनी करप्रणालीही निवडता येत नाही. ज्यांनी घरकर्ज, विमा आणि पीपीएफच्या वजावटींवर वर्षभराचा हिशेब बसवला आहे, त्यांना हा फटका जबर बसतो.

मार्चची धावपळ कोणासाठी?

मार्च आला की विमा एजंटांचे फोन सुरू होतात. ‘कर वाचवायचा आहे ना?’ असे विचारणाऱ्याला आधी सांगा, की आम्ही कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहू दे. दीड लाखाच्या गुंतवणुकीची ओळखीची वजावट जुन्या प्रणालीतच आहे. नवीत असाल, तर केवळ कर वाचवण्यासाठी घेतलेली पॉलिसी कर वाचवणार नाही, हप्ता मात्र पुढची कित्येक वर्षे भरावा लागेल.

जुन्या प्रणालीत असाल, तर गुंतवणूक ३१ मार्चपूर्वी झाली पाहिजे. कार्यालये मात्र तिचे पुरावे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच मागतात. पीपीएफचे किमान ५०० आणि सुकन्या समृद्धीचे किमान २५० रुपये दोन्ही प्रणालींतल्या मंडळींनी भरावेत. नाहीतर खाते खंडित होते आणि ते सुरू करायला प्रत्येक वर्षामागे ५० रुपये दंड भरून हेलपाटे घालावे लागतात.

घर घेताना

एक तारीख कॅलेंडरमध्ये आधी लिहिता येत नाही. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर भारतात राहणाऱ्याकडून विकत घेताना, पैसे देतेवेळी एक टक्का कर घेणाऱ्याने कापायचा असतो. ज्या महिन्यात कापला, तो संपल्यापासून तीस दिवसांत तो सरकारात भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर व्याज. बिल्डरचे हप्ते असतील, तर हे प्रत्येक हप्त्याला करावे लागते.

कर्ता माणूस गेला तर

हा विषय काढणे अशुभ वाटते, पण न काढल्याने घरातल्या बाईचे हाल होतात. माणूस गेला तरी १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या त्याच्या उत्पन्नाचे रिटर्न भरावेच लागते. ते वारसाने भरायचे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा देऊन संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करायची. त्या दिवसानंतरचे व्याज आणि भाडे वारसाच्या उत्पन्नात धरले जाते. गेलेल्या माणसाचा कर थकला असेल, तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःचे दागिने विकून तो भरावा लागत नाही, हे बायकांनी जरूर ध्यानात ठेवावे.

कुटुंब निवृत्तिवेतनाचेही असेच. ते पगार धरले जात नसल्याने त्यातून सहसा कर कापला जात नाही. हातात पूर्ण रक्कम येते, म्हणून कर नाही असे वाटते. पण साठीच्या आतल्या विधवेला त्यावर कर लागत असेल, तर आगाऊ कराच्या तारखाही लागू होतात. नव्या प्रणालीत या वेतनाचा एक तृतीयांश भाग किंवा २५ हजार रुपये, यांतली कमी रक्कम वजा मिळते. ती मागायला विसरू नये.

आता या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा :

५ एप्रिल – पीपीएफ. याच महिन्यात बँकेतले घोषणापत्र
१५ जून – आगाऊ कर, पगाराचा दाखला
३० जून – व्यवसाय कर (महाराष्ट्र)
३१ जुलै – रिटर्न. त्यापुढे तीस दिवसांत पडताळणी
१५ सप्टेंबर – आगाऊ कर
नोव्हेंबर – सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला
१५ डिसेंबर – आगाऊ कर
३१ डिसेंबर – उशिराच्या रिटर्नची शेवटची मुदत
१५ मार्च – आगाऊ कराचा शेवटचा हप्ता
३१ मार्च – पीपीएफ, सुकन्या, जुन्या प्रणालीतली गुंतवणूक

प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी एक टिंब काढा, कारण शेवटच्या दिवशी संकेतस्थळही दमलेले असते. आणि एका फाइलमध्ये घरातल्या सगळ्यांचे पॅन, खात्यांची यादी, गेल्या तीन वर्षांची रिटर्न आणि सीएचा फोन नंबर ठेवा. ती फाइल कुठे आहे, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असू द्या.