भिंतीची ओल आणि पोत्यातली बुरशी

गौरी-गणपती झाले, पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या पाटण-कऱ्हाडच्या पट्ट्यात घरोघरी एक काम निघते. घरातली पोती बाहेर काढायची, अंगणात उपडी करायची आणि उन्हं द्यायची. परवा एका वाडीत भेटीला गेलो तेव्हा एका मावशींचे हेच चालले होते. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांचे पोते. काढणीला वळवाने गाठले, शेंगा पुरत्या वाळल्या नाहीत, तेवढ्यात मृग आला म्हणून घाईने पोत्यात भरून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. भिंतीकडची बाजू आणि पोत्याचे बूड पोपटी झाले होते. वास ओसरीपर्यंत येत होता.

मावशींनी तीन ढीग घातले होते. चांगल्या शेंगा घरात खायला आणि बियाण्याला. मधल्या, म्हणजे थोड्या डागलेल्या, घाण्यावर तेल काढायला. आणि पार बुरसटलेल्या फोडून म्हशीच्या आंबोणात. मी म्हटलं, "मावशी, हा तिसरा ढीग जनावराला घालू नका." त्या म्हणाल्या, "टाकून द्यायला काय फुकट आल्यात का साहेब? माणसानं नाही खाल्लं तर जनावर खाईल की."

त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. ज्याने तीन महिने पाणी पाजून पीक काढले त्याला एक सूपभर शेंगा फेकताना काय वाटते हे सांगायला कृषी पदविका लागत नाही. पण या तिसऱ्या ढिगाबद्दल आता स्पष्ट बोलायला हवे, आणि ते बोलताना आपण फक्त पोत्याबद्दल बोलून भागणार नाही. पोते ज्या भिंतीला टेकले होते तिच्याबद्दलही बोलावे लागेल.

बुरशी ही बाहेरून कुणी आणून टाकत नाही. तिचे बीज हवेत, मातीत, शेंगेच्या टरफलावर कायम असतेच. तिला अन्न लागते, ऊब लागते आणि ओल लागते. अन्न म्हणजे धान्य, लाकूड, कापड, भिंतीवरची धूळ, काहीही चालते. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. आपल्या हातात राहते ती फक्त ओल. भिंतीवर येणारी काळी बुरशी आणि शेंगेवरची पोपटी बुरशी या वेगळ्या जातीच्या आहेत, पण दोघींना पाणी एकाच ठिकाणचे मिळते.

पोपटी बुरशीची गोष्ट अधिक गंभीर आहे. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या पटापट मेल्या. रोग कळेना. शेवटी शोध लागला तो त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीचा. तिथून हे विष जगाला माहीत झाले. आणि ते कोंबड्यांपुरते नाही हे आपल्याच देशाने पाहिले. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी घरात साठवला आणि खाल्ला. बहुतेक सगळी गरीब आदिवासी घरे. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. ३९७ माणसे आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. त्यांच्या घरचे अन्न खाणारी कुत्रीही मेली. त्या लोकांना मका खराब आहे हे दिसत नव्हते असे नाही. दुसरे खायला नव्हते.

एवढ्या मोठ्या प्रमाणात विष रोज पोटात जात नाही हे खरे. पण थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तरी ते यकृताला धरते. यकृताच्या कर्करोगाचे ते सिद्ध झालेले कारण आहे, आणि ज्याला बी प्रकारची कावीळ आहे त्याला धोका कितीतरी पटीने वाढतो. तव्यावर भाकरी भाजली, शेंगा भाजल्या, कालवण उकळले म्हणून ते जात नाही. धुऊन, पुसून, उन्हात टाकून बुरशीचा रंग जातो, विष आत राहते. म्हणून "उन्हं दिली की झालं" हा आपला समज अर्धाच बरोबर आहे. ऊन पुढची बुरशी थांबवते, मागचे विष काढत नाही. उलट बाजूही सांगतो. बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असे नाही, आणि स्वच्छ दिसणारा दाणाही प्रयोगशाळेत नापास होऊ शकतो. डोळ्याला ते कळत नाही, ही खरी अडचण.

आता तिसऱ्या ढिगाकडे येऊ. म्हशीने ते खाल्ले की विषाचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८-१९ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांतल्या ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेच्या वर सापडले. पाणी घालणारा गवळी आपण ओळखतो, त्याला शिव्याही देतो. हे विष मात्र कुणी घातलेले नसते, ते पेंडीतून आणि खाद्यातून येते. म्हणजे बुरसटलेली शेंग आपण जनावराला घालून वाया जाण्यापासून वाचवत नाही, वळसा घालून आपल्याच पोराच्या पेल्यात आणतो. मधल्या ढिगाचेही तेच. घाण्यावर गाळलेल्या तेलात थोडे उतरते, बरेचसे पेंडीत राहते आणि पेंड पुन्हा गोठ्यात जाते.

आणखी एक गोष्ट लिहिली तर काही जणांना राग येईल. तरी लिहितो. पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी आपण कुणाला देतो? घरी खात नाही. बाजारात भाव नाही. मग मजुराला दोन शेर जास्त घालून देतो आणि उपकार केल्यासारखे वागतो. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरसटलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. त्या बुरशीची जात वेगळी, विषही वेगळे. जे आपल्या ताटात चालत नाही ते दुसऱ्याच्या ताटात चालते हा हिशेब मला मान्य नाही.

सोयाबीन हमीभाव केंद्रावर नेले की यंत्र लावून ओलावा मोजतात. १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. २०२४ च्या हंगामात ओरड झाली तेव्हा ती मर्यादा १५ पर्यंत सैल करावी लागली. म्हणजे विकायच्या दाण्याचा ओलावा आपल्याला तोंडपाठ आहे. घरात खायच्या दाण्याला मात्र माप नाही. धान्य १२ टक्क्यांच्या आत आणि शेंगा ८ टक्क्यांच्या आसपास असल्याशिवाय पोत्यात भरू नयेत. यंत्र नसेल तर जुनी परीक्षा आहेच. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, शेंग कानाशी हलवली तर खुळखुळली पाहिजे. पत्र्याच्या कोठीत तर दुपारचा गरम दाणा कधीच भरू नका. रात्री पत्रा गार पडतो, आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. संध्याकाळी पसरून गार करायचा, मग भरायचा.

पण दाणा कितीही वाळवला आणि भिंतच ओली असली तर? हल्लीच्या लहान घरकुलांत एकच मोठी खोली. तिथेच चूल, तिथेच दोरीवर ओले कपडे, तिथेच पोती, तिथेच लेकरे झोपतात. जोते हातभर उंचीचे असायला हवे ते वीतभर. पत्र्याची पागोळी थेट भिंतीच्या पायाशी पडते आणि पाणी विटांतून वर चढते. पावसाचा मारा येतो म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलेले, त्यामुळे आतली वाफ आतच. गणपतीला पोपडे खरवडून वरून ऑइलपेंट मारला की झाले. तो रंग भिंतीला वाळूच देत नाही. त्यापेक्षा चुन्याची सफेदी बरी, चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. जुनी माणसे पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी उसाच्या पाचटाचा आडोसा बांधत. दिसायला गबाळे, पण भिंत कोरडी राहायची. जुने सगळे चांगले असे मात्र मी म्हणणार नाही. पेवातल्या ज्वारीचा कडेचा थर कसा निघायचा ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

अशा घरात पोराला वर्षभर सर्दी-खोकला असतो, रात्री छाती वाजते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ओलसर, बुरसटलेल्या घरांचा आणि दमा-खोकल्याचा संबंध मांडला आहे. आपण औषध बदलत राहतो, भिंतीकडे कुणी बघत नाही. बुरसटलेले पोते पाखडताना तोंडाला फडकेही कुणी बांधत नाही.

दुसऱ्याला शिकवतो म्हणून स्वतःचेही सांगतो. 'सुरक्षित धान्य साठवण' या विषयाचा आमचा तक्ता ज्या भिंतीवर लावला होता, त्याच भिंतीला ओल येऊन तो काळा पडला आणि गेल्या वर्षी काढून टाकावा लागला. माझ्या भाड्याच्या खोलीतही आईने पाठवलेले शेंगांचे गाठोडे मी न्हाणीच्या भिंतीलगत ठेवले होते. त्याचे काय झाले ते सांगायला नको.

पोते भिंतीपासून वीत-दीड वीत सोडून, फळ्यांवर किंवा विटांवर ठेवायला पैसे लागत नाहीत. शेंगांत विष थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, त्यामुळे सुरकुतलेले, डागी, फुटके दाणे हाताने निवडून काढले तरी पुष्कळसा धोका जातो. ज्वारी-मक्यात असे निवडणे जमत नाही. निवडून काढलेले खड्ड्यात पुरायचे, कोंबड्यांपुढेही टाकायचे नाही. पागोळीचे पाणी मात्र एकट्याच्या हातात नाही. घरकुलाचे हप्ते सोडताना जोत्याची उंची आणि पन्हळ बघायला ग्रामपंचायतीला कुणी अडवलेले नाही. अंगणवाडीची आणि शाळेच्या खिचडीची पोती कुठल्या भिंतीला टेकली आहेत हेही एकदा जाऊन पाहावे. सोसायटीत एक ओलावा मापक यंत्र ठेवून ज्याला हवे त्याने पिशवीभर दाणे आणून मोजावेत, ही मागणी मी माझ्या गावांत २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडणार आहे. सरपंच-सदस्यांनी आपापल्या गावात मांडली तर उत्तमच.

त्या दिवशी मावशींशी तासभर बोललो. तिसरा ढीग त्यांनी नंतर पुरला की म्हशीला घातला, मला माहीत नाही. मी निघालो तेव्हा मधला ढीग मात्र त्यांनी पुन्हा सुपात घेतला होता आणि सुनेला हाक मारून एकेक शेंग फोडून बघायला बसल्या होत्या.