करवतीच्या गावाला परत या

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला चौंडेश्वरीचे देऊळ आहे. देवांग कोष्ट्यांची ही कुलदेवता. नवरात्रात गायमुख नदीकाठच्या या देवळात पाय ठेवायला जागा उरत नाही. विणणाऱ्यांच्या देवीपुढे एवढी गर्दी होते. मग विणणाऱ्यांच्या दारात का होत नाही, हा प्रश्न आता जिल्ह्याने स्वतःला विचारायला हवा.

कारण मोहाडी आणि शेजारच्या आंधळगावच्या मागांवर जे विणले जाते, ते साधे कापड नव्हे, करवतीची साडी असते. तिला तीन धोटे लागतात. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचे रंगीत सुती सूत आणि अंगाचे कोसा रेशीम ओळीओळीला एकमेकांत अडकवत न्यावे लागतात, तेव्हा कुठे काठावर करवतीचे दाते उमटतात. एका माणसाचे हात पुरत नाहीत म्हणून मागावर दोघे बसतात, बरेचदा एकाच घरातले. वरचा नाजूक सोनेरी रंगही कुठल्या डब्यातून येत नाही. तो कोशाचाच असतो. कोसा देणारे रेशीमकिडे घरात पाळता येत नाहीत. रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ते वाढतात. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून त्यांना जपणारी ढिवर कुटुंबे झाडाखालीच मुक्काम ठोकतात. रान, ढिवर, सूत काढणाऱ्या बाया आणि कोष्टी, एवढ्यांच्या हातून एक लुगडे घडते.

या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही मागावरच्या पोराला नागपूर-पुण्याची नोकरी बरी वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोन जणांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीची किंमत बाजार देत नसेल, तर वारशाचे कौतुक पोटाला पुरत नाही.

डिझायनर इथे लागतो. पण कसा?

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचे आयुष्य त्याचे उत्तर देते. 1960 साली मुंबईत जन्मलेला, माहीममध्ये वाढलेला हा गोवेकर मुलगा. शिक्षण हॉटेलव्यवसायाचे. मस्कतला पोलीस अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये नोकरी केली आणि साठवलेल्या पैशांतून लॉस एंजेलिस व पॅरिसला कपड्यांचे शिक्षण घेतले. परदेशात शिकून ते मुंबईत नावारूपाला आले, आणि ऐन उमेदीत, 1993 मध्ये, मुंबई सोडून गोव्यातल्या कोलवाळ या आपल्या मूळ गावी राहायला गेले. फॅशनच्या धंद्यात तेव्हा हा वेडेपणाच होता. पण 1995 मध्ये जर्मनीतल्या इगेडो या मोठ्या वस्त्रमेळाव्याचे निमंत्रण आले, ते कोलवाळला राहणाऱ्या माणसालाच.

गावात राहिल्यामुळे त्यांना कुणबी साडी दिसली. भातखाचरांत राबणाऱ्या बाया खांद्यावर गाठ मारून नेसतात ती लाल चौकड्यांची सुती साडी. गोव्यातले तिचे माग जवळजवळ थांबले होते. 2010 च्या सुमारास रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर आणली. त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. लिस्बनच्या पोशाख संग्रहालयातले काम होते, आणि त्याच अभ्यासातून 2012 मध्ये गोव्याच्या पोशाखांचा ग्रंथ ‘मोडा गोवा’ आला. कोलवाळचे राहते घर त्यांनी वस्त्रसंग्रहालयासाठी दिले. ‘द ग्रीन रूम’ या आत्मचरित्रात त्यांनी घर, गाव, काम आणि जोडीदार जेरोम मॅरेल यांच्याबरोबरचे आयुष्य कसलाही आडपडदा न ठेवता मांडले. 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 मध्ये त्यांनी आपले नावाजलेले फॅशन लेबल शिष्येच्या, शुलेन फर्नांडिस यांच्या, हाती सोपवले. 12 फेब्रुवारी 2020 रोजी कोलवाळलाच त्यांचे निधन झाले.

गोव्यात विझलेली चूल पेटवावी लागली. भंडाऱ्यात निखारा अजून धगधगतो आहे. माग चालू आहेत, ऐनाची रानेही उभी आहेत. म्हणून भंडाऱ्याचे काम गोव्यापेक्षा सोपे आहे, आणि म्हणूनच ते हातचे घालवले तर त्याला सबब उरणार नाही.

गाडीतून उतरून चार साड्यांचे फोटो काढणारा आणि काठाची नक्कल यंत्रमागावर विणून घेणारा डिझायनर इथे नको. ज्याला धोट्याचा आवाज ओळखीचा आहे, असा हवा. नागपूरच्या फॅशन महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एक अख्खा हंगाम मोहाडी-आंधळगावात राहायला पाठवावे. करवतीचा काठ ओढणी, जॅकेट, पडदा यांवर कसा उतरेल, हे मागावर बसून शोधावे. विकणाऱ्याने साडीच्या चिठ्ठीवर आपल्या नावाच्या आधी विणकराचे नाव आणि गाव छापावे. नक्षी विणकराच्या घरची असेल तर मजुरीबरोबर नक्षीचेही पैसे द्यावेत. लग्नाच्या बस्त्याला निघणाऱ्या वैदर्भीय कुटुंबांनी निदान एक करवती थेट विणकराकडून घ्यावी.

आणि कोष्ट्याच्या घरातून डिझाइन शिकायला बाहेर पडलेल्या पोरापोरींनो, पदवी घेऊन मोहाडीला या. आईबाबांच्या मागाशेजारी आपले टेबल मांडा. तिसऱ्या धोट्याची गती तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. ती कुठल्याही महाविद्यालयात शिकवली जात नाही.