सुट्टी कुणाची?

मी रोज सकाळी अर्धा तास पळते. मे महिन्यात सासरी गावी गेलं की ऐकावं लागतं, "अगं, सुट्टीत तरी आराम कर!" हा आराम म्हणजे पहाटे पाणी भरणं, वीस माणसांचा चहा-नाश्ता, कुरडया-पापड. दीर सकाळी खुशाल फिरून येतात, त्यांना कुणी अडवत नाही. हरकत आहे ती बाईनं स्वतःसाठी वेळ काढण्याला.

बाईला झेपत नाही, ही सबब जुनीच. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकनंतर याच सबबीखाली बायकांची ८०० मीटर शर्यत बंद केली, ती थेट १९६० पर्यंत. ऑलिम्पिक मॅरेथॉनसाठी तर १९८४ उजाडलं. २०१६ मध्ये साताऱ्याच्या ललिता बाबरनं रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तिचं कौतुक करणारेच सुनेला विचारतात, "लोक काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, गावी जाताना बूट पिशवीत टाकाच. जावेला, नणंदेलाही सोबत घ्या. एकटीला नावं ठेवणारे चौघींपुढे कचरतात. आणि त्या अर्ध्या तासातला चहा घरातल्या पुरुषांनी करायचा, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा.