छायाचित्राची पाठ

घरोघरी साठलेली छायाचित्रे आणि लग्नकार्यांच्या व्हिडिओ कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याची जी हौस अलीकडे आमच्या विसरवाडीपर्यंत येऊन पोहोचली आहे, तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. कारण नवापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात ट्रंकेतील फितीवर पांढरी बुरशी एकदा धरली की ती कोणाचा मुलाहिजा राखत नाही, आणि फीत शाबूत राहिली तरी ती चालविणारे यंत्र, जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली त्याचे उत्पादन थांबविल्यानंतर, दुरापास्तच झाले आहे. घरगुती आठ मिलिमीटरच्या फिल्मची डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट दर्प आला, तर तिचेही दिवस भरत आले असे समजावे. जिथे २००३ च्या जानेवारीत खुद्द पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुनी ज्वालाग्राही नायट्रेटची रिळे आगीत भस्मसात झाली, तिथे आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेची काय कथा!

तरीही या उद्योगाविषयी माझी एक तक्रार आहे. आमच्या घरातील एका समूहचित्राच्या पाठीवर, स्टुडिओच्या जांभळ्या शिक्क्याखाली, शिसपेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, नाती आणि 'वैशाख' एवढा महिना लिहिलेला आहे. दुकानदाराने चित्राचा दर्शनी भाग मोठ्या कौशल्याने उतरविला, डागसुद्धा पुसले, परंतु पाठ उतरविण्याविषयी विचारता, 'मागे फोटो नाही, काका,' असे निरागस उत्तर दिले, आणि फाइलीला यंत्राने दिलेला एक क्रमांक तेवढा बहाल केला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून जमविलेल्या ज्या कागदांच्या जतनासाठी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, त्यांचेच पाहा ना : कागद कोणाच्या दप्तरातला, कोणी कोणास लिहिला, हे ठरल्यावाचून त्याला पुराव्याचे मोल कसे यावे?

म्हणून स्कॅनरपुढे चित्राच्या दोन्ही बाजू ठेवाव्यात, नकलेच्या भरवशावर अस्सल प्रत रद्दीत घालू नये, नकलाही एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. आणि जिथे पाठ कोरी असेल तिथे घरातील वडीलधाऱ्यांना बसवून त्यांच्या जबान्या विनाविलंब घ्याव्यात, कारण स्कॅनर पुढच्या वर्षीही भाड्याने मिळेल, आत्याबाईंची स्मृती मिळेलच असे नाही. अशाच एका कोऱ्या पाठीच्या चित्रात खुर्चीमागे फेटा बांधून उभा असलेला इसम मामा की मामांचे व्याही, यावरून आमच्याकडे दोन वृद्धांत रीतसर वाद उत्पन्न झाला. मी दोन्ही साक्षी फाइलीत दाखल केल्या आणि निवाडा तूर्त तहकूब ठेवला आहे.