मुदत ३० जूनपर्यंत

ॲबोरिजिनल वस्त्यांतली खरूज समूळ घालवू, असं सांगून गेली सहा वर्षं आमच्याकडून देणग्या घेणाऱ्या संस्थेच्या संचालक मंडळास,

हे पत्र खाजगी नाही. खाजगी तीन पाठवून झाली. तिन्हींच्या उत्तरात आभार होते, सोबत पावती होती, आणि विचारलेल्या प्रश्नाबद्दल अक्षर नव्हतं. म्हणून हा इशारा आता चारचौघांत देत आहोत. संस्थेचं नाव तेवढं लिहीत नाही, कारण ३० जून अजून उजाडायचा आहे.

आम्ही मेलबर्नमधली चाळीसेक मराठी कुटुंबं. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आणि गणपतीच्या वर्गणीतून जे उरतं ते दरवर्षी, इथलं आर्थिक वर्ष संपायच्या आत, तुम्हाला पोचतं. रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नाही. पण ती चकल्या तळून जमवलेली आहे, त्यामुळे हिशेब विचारताना आम्ही आवाज खाली ठेवणार नाही.

तुमचे मुख्य अधिकारी गेले आणि गेल्या महिन्यात नव्या माणसासाठी जाहिरात निघाली. ती वाचून आमचा संयम संपला. कार्यालय सिडनीत. अपेक्षा काय, तर निधी उभारण्याचा अनुभव, सरकारदरबारी ओळखी, माध्यमांशी बोलण्याची हातोटी. नॉर्दर्न टेरिटरीत जाणं ‘गरजेनुसार’. ॲबोरिजिनल समाजाबरोबर काम केल्याचा अनुभव अगदी तळाला, ‘असल्यास प्राधान्य’. निवड समितीत ॲबोरिजिनल माणूस एकही नाही. रोग टेरिटरीतल्या अर्न्हेम लँडमध्ये आणि साहेब सिडनी बंदराकडे तोंड करून बसलेला! आमच्याकडे याला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात.

रोग कोणता ते वाचकांनाही कळू द्या. साध्या खरजेत माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात. खपली धरणाऱ्या खरजेत ते हजारोंनी असतात, कधी लाखोंनी. घरात एकाला ती असली की बाकीच्यांना कितीही मलम चोळा, थोड्याच दिवसांत सगळं घर पुन्हा खाजवू लागतं. खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस शिरतो. तिथून एक वाट मूत्रपिंडाकडे जाते आणि, या विषयातल्या अनेक डॉक्टरांच्या मते, दुसरी हृदयाच्या झडपांकडे. ऱ्हुमॅटिक ताप एकदा येऊन गेला की पोराला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. ते दुखतं, आणि एखादं चुकलं तर ताप परत गाठतो. क्वीन्सलँडमधल्या डूमाजी या वस्तीत २०१९-२० मध्ये तीन तरुण ॲबोरिजिनल मुली-बायका या तापातून होणाऱ्या ऱ्हुमॅटिक हृदयरोगाने गेल्या. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचा अहवाल २०२३ मध्ये आला. २०३१ पर्यंत हा हृदयरोग संपवू, असं सरकारचं वचन आहे. डोळ्यांची खुपरीही (ट्रॅकोमा) २०२० पर्यंत घालवणार होते. २०२० आलं आणि गेलं, खुपरी राहिली. भारताला तिच्या निर्मूलनाचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र २०२४ मध्ये मिळालं, तेव्हाही हा श्रीमंत देश रांगेतच उभा होता.

एका आजाराच्या मागे हात धुऊन लागणं वेडेपणाचं आहे, असं आम्ही म्हणत नाही. डॉ. सॅम प्रिन्स यांनी २०१० मध्ये ‘वन डिसीज’ ही संस्था काढली ती खपलीच्या खरजेचा पिच्छा पुरवायला, आणि २०१६ पासून नॉर्दर्न टेरिटरीत या आजाराची नोंद सक्तीची झाली. पण हात धुवायला पाणी लागतं. आमच्यातल्या एका परिचारिकेने दूरच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात काम केलं आहे. ती मलमाच्या नळ्या वाटायची. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन घ्या, म्हणून सांगायची. ज्या घरात चौदा माणसं राहत होती तिथलं कपडे धुण्याचं यंत्र कित्येक महिने बंद पडलेलं होतं. तुमच्या वार्षिक अहवालात नळ्यांचा आकडा आहे, रंगीत छायाचित्रासह. यंत्राचा नाही.

घर धड नसेल तर नुसतं मलम पुरत नाही, हे आम्ही नव्याने शोधलेलं नाही. १९८५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात नगानम्पा आरोग्य परिषदेचे संचालक होते यामी लेस्टर. यांकुनीत्जात्जारा समाजाचा हा माणूस. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी त्या मुलखात अणुचाचण्या केल्या, त्यांच्या काळ्या धुरानंतर आपली दृष्टी गेली असं ते सांगत. त्यांनी एक डॉक्टर, एक वास्तुरचनाकार आणि एक पर्यावरण-आरोग्य कार्यकर्ता अशा तिघांना बोलावलं आणि काम सांगितलं ते एवढंच: लोक आजारीच पडणार नाहीत असं करा. त्यातून १९८७ चा अहवाल आला. त्यात निरोगी राहण्यासाठी घरात जमल्या पाहिजेत अशा नऊ गोष्टी होत्या, आणि पहिली होती अंगावरून पाणी घेणं, विशेषतः पाच वर्षांखालच्या पोरांच्या. पुढे देशभर हजारो घरं तपासली गेली. धड अंघोळ करता येईल असं न्हाणीघर सुरुवातीला जेमतेम एकतृतीयांश घरांत सापडलं. नळ, नळ्या, विजेचे खटके का बिघडले होते? सुमारे ७० टक्के बिघाड नियमित देखभाल न झाल्यामुळे, २० टक्के मुळात बांधकामच वाईट म्हणून. राहणाऱ्यांनी मोडतोड केली म्हणून, १० टक्क्यांहूनही कमी. (‘यांना घरं दिली तरी मोडतात’ हे वाक्य आपल्या मराठी पंगतींतही ऐकलं आहे. बोलणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.) न्यू साउथ वेल्समध्ये ज्या वस्त्यांतली घरं अशी दुरुस्त झाली, तिथे संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी भरलं.

दृष्टी गेलेल्या माणसाला जे दिसलं ते तुमच्या जाहिरातीत कुठे आहे?

योग्य माणसं मिळत नाहीत, हे उत्तर आम्हाला देऊ नका. सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी आपला दवाखाना १९७१ मध्ये स्वतः उभा केला. आज समाजाच्या ताब्यातल्या अशा आरोग्यसंस्था देशात १४० हून अधिक आहेत. आणि आम्ही कातडीचा रंग मोजायलाही बसलेलो नाही. ‘पर्पल हाउस’ या डायलिसिस देणाऱ्या संस्थेचं उदाहरण घ्या. २००० मध्ये पश्चिम वाळवंटातल्या चित्रकारांनी आपली चित्रं सिडनीत लिलावात काढून दहा लाखांहून अधिक डॉलर उभे केले, तिथल्या किंटोर या वस्तीत डायलिसिस नेण्यासाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत मुख्य अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं एका गोऱ्या परिचारिकेने काम केलं. पण तिला नेमणारं, विचारणारं आणि वेळ आली तर काढू शकणारं संचालक मंडळ ॲबोरिजिनल लोकांचं. लगाम कोणाच्या हातात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तुमच्याकडे ‘सल्लागार समिती’ आहे, ठाऊक आहे. ती कधी बसते, काय म्हणते आणि तिचं म्हणणं किती वेळा फेटाळलं जातं, हे कोणालाच ठाऊक नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात देशाने ॲबोरिजिनल समाजाला संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायची जागा नाकारली, तेव्हा तुम्ही शोकाचं निवेदन काढलं होतं. जी जागा देशाने दिली नाही म्हणून तुम्ही रडलात, ती स्वतःच्या टेबलाशी द्यायला कोणत्या सार्वमताची वाट पाहताय?

आम्ही फार शहाणे आहोत असं नाही. आदिवासींचा ‘उद्धार’ करायला मोटारीतून गेलेली आणि फोटो काढून परतलेली माणसं महाराष्ट्रानेही खूप पाहिली. पण गडचिरोलीही पाहिली आहे. तिथे डॉक्टर बंग दांपत्याने दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांना विचारलं, तुम्हाला तो कसा हवा. नवजात बाळं वाचवायचं काम गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. म्हणून तुमचं ‘शक्य नाही’ आमच्या गळी उतरत नाही.

तेव्हा आता सरळ ऐका. ही जाहिरात मागे घ्या. नवी काढाल तेव्हा निवड समितीत निम्म्याहून अधिक माणसं ज्या वस्त्यांत काम चालतं तिथली असू द्या, आणि अधिकाऱ्याचं बिऱ्हाड टेरिटरीतच असेल असं लिहा. संचालक मंडळातही बहुमत ॲबोरिजिनल सदस्यांचं करा. ते एका रात्रीत होणार नाही हे कळतं, पण तारीख जाहीर करा. आणि पुढच्या अहवालात मलमाच्या नळ्यांशेजारी चालू नळांचा आकडा छापा. घरं सरकारची आहेत, आमचा संबंध नाही, असं म्हणायचं असेल तर मग ‘समूळ’ हा शब्द पत्रकांवरून खोडा. वाटाघाटींच्या चहाला बोलावू नका. लेखी उत्तर हवं.

आणि हे वाचणाऱ्या मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनच्या मराठी मंडळींना विनंती. या जूनमध्ये अशा कोणत्याही संस्थेला पैसे पाठवण्याआधी तिच्या संचालकांची यादी एकदा उघडून पाहा.

३० जूनला संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर हे पत्र संस्थेच्या नावानिशी पुन्हा छापलं जाईल आणि यंदाची रक्कम समाजाच्या स्वतःच्या ताब्यातल्या दवाखान्याकडे जाईल. धनादेश लिहून तयार आहे. फक्त नाव घालायचं बाकी आहे.