एका वर्गातील दोन शहरे

सरकारी नोकराच्या संसारात बदलीचा हुकूम हे एक मोठे प्रकरण असते. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली, की संबंधित कर्मचारी प्रथम दोन चौकशा करतो. घरभाडे भत्त्यात काही फरक पडतो काय, ही पहिली. आणि तिकडे नळाला पाणी किती दिवसांनी येते, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला कचेरीतच मिळते. फरक काही नाही. केंद्र सरकारच्या वर्गवारीत ही दोन्ही शहरे ‘वाय’ वर्गात मोडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही परिपत्रकात नसते. त्यासाठी तिकडच्या एखाद्या मेहुण्याला किंवा जुन्या सहकाऱ्याला फोन करावा लागतो. महिनाअखेर हातात काय उरणार, हे मात्र या दुसऱ्या उत्तरावर अधिक अवलंबून असते.

घरभाडे भत्त्याचे सूत्र सरळ आहे. किंबहुना नको इतके सरळ आहे. पन्नास लाख आणि त्यावर लोकवस्तीची शहरे ‘एक्स’, पाच ते पन्नास लाखांची ‘वाय’, त्याखालची सारी ‘झेड’. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, केंद्रीय कर्मचाऱ्यांना या तीन वर्गांत अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. चाळीस हजार रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला नाशिकमध्ये आठ हजार, संभाजीनगरात आठ हजार आणि जळगावात चार हजार. जळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ६० हजार भरली. चाळीस हजार माणसे कमी पडली म्हणून तेथील प्रत्येक कर्मचाऱ्याचा भत्ता निम्मा झाला. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातलेच मालेगाव ‘वाय’ वर्गात बसते, आणि म्हणून कागदोपत्री नाशिकच्या गंगापूर रोडवरील सदनिका आणि मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीतील दोन खोल्या यांचे भाडे एकाच मापाने मोजले जाते. शिवाय हे सारे आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही; ती आता २०२७ वर गेली आहे. तोवर शहरे वाढली, पण माप जुनेच राहिले.

राहणीमानाच्या खर्चाची चर्चा निघाली, की लोक महागाईच्या निर्देशांकाचा हवाला देतात. औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक सिमल्याचे श्रम कार्यालय काढते. २०१६ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत देशातील ८८ केंद्रे आहेत आणि नाशिक हे त्यांतले एक आहे. संभाजीनगर त्या यादीत नाही; तेथील निर्देशांक राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडून निघत आला आहे. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तरी नाशिक महाग की संभाजीनगर, हे त्यांतून कळणार नाही. निर्देशांक एखाद्या शहराची तुलना त्याच शहराच्या भूतकाळाशी करतो. आधारवर्षी शंभर, आज अमुक, एवढेच तो सांगतो. आधारवर्षीच एखाद्या शहरात घरभाडे दुप्पट असेल, तरी त्याचाही आरंभ शंभरापासूनच होतो. यातून एक विचित्र परिणाम घडतो. जी गैरसोय वर्षानुवर्षे कायम आहे, ती निर्देशांकात दिसतच नाही. आठ दिवसांनी येणारे पाणी दहा वर्षांनीही आठ दिवसांनीच येत असेल, तर सांख्यिकीच्या भाषेत काहीही महागलेले नसते!

संभाजीनगराचे दुर्दैव असे, की पाण्याच्या व्यवस्थेवरच हे शहर उभे राहिले होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा नदीच्या भरवशावर न राहता त्याने भूमिगत नहरींचे जाळे घातले. डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, त्याने वस्तीत आणले. पुढच्या काळात त्याच तत्त्वावर पाणचक्कीची नहर झाली. पंप नाही, वीज नाही, आणि तरीही मोगल सुभ्याच्या राजधानीला पाणी पुरले. आधुनिक काळात पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. त्याची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण पैठण खाली आणि शहर वर, अशी भूमीची रचना असल्याने पन्नासएक किलोमीटरवरून पाणी उपसून चढवावे लागते. पहिली जलवाहिनी १९७०च्या दशकातली, दुसरी १९९०च्या दशकाच्या आरंभीची. शहर त्यानंतर कितीतरी पट वाढले. समांतर जलवाहिनीचे काम खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले आणि २०१६ मध्ये तो करारच महापालिकेने रद्द केला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. पाणी आणि जमीन यांचे व्यवस्थापन शिकवणारी ‘वाल्मी’ ही सरकारी संस्था १९८० पासून याच शहरात आहे, हा योगायोग कोणाला विनोदी वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

या काळात तेथील नागरिकाने काय मोजले? महापालिकेची पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती. पाणी आठवड्यातून एकदा आणि पट्टी पूर्ण वर्षाची, या हिशेबावर इतका संताप उसळला की २०२२ मध्ये ती निम्म्यावर आणावी लागली. पण पट्टी हा खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे. घर बांधताना जमिनीखालचा हौद, गच्चीवरच्या टाक्या, त्यांना जोडणारी मोटर, हे सारे आधी आले. पाण्याचा दिवस चुकला की टँकर आला. नळ पहाटे येणार की भर दुपारी, हे निश्चित नसल्याने घरातील एकाने त्या दिवशी घरी थांबणे आले. शिक्षिकेची किरकोळ रजा अशा दिवशी खर्ची पडते, आणि ती कोणत्याच खर्चाच्या वहीत नोंदली जात नाही. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे हाल याहून निराळे. हौद असलेल्या घराचे भाडे अधिक आणि नसलेल्या घरात पाणी साठवण्याची चिंता अधिक. म्हणून संभाजीनगरात घरे तुलनेने स्वस्त मिळतात, असे जेव्हा नाशिककर म्हणतो, तेव्हा तो चार भिंतींची किंमत सांगत असतो; त्या भिंतींत राहता यावे म्हणून लागणारा खर्च त्याने धरलेला नसतो.

नाशिकला मात्र यावरून फुशारकी मारण्याचे कारण नाही. गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे, दारणा आणि मुकणे धरणांतूनही महापालिका पाणी उचलते, आणि नळाला रोज पाणी येणे हा येथील माणसाला सृष्टिक्रमच वाटतो. ही निसर्गाची आणि नदीच्या वरच्या अंगाला असण्याची कृपा आहे. महापालिकेच्या कर्तृत्वाचा भाग त्यात किती, हे एखाद्या कोरड्या वर्षीच ठरेल. ज्या गोष्टी निसर्गाने दिल्या नाहीत, त्यांची किंमत नाशिककरही खासगीत मोजतच असतो. मुंबई आणि पुणे यांच्याशी मिळून होणाऱ्या ‘सुवर्ण त्रिकोणा’चा गाजावाजा झाला, तेव्हा नोकऱ्या येतील अशी आशा होती. नोकऱ्यांच्या आधी मुंबईकरांचा पैसा घरांच्या बाजारात आला. येथे राहायचे नाही, पण घर घेऊन ठेवायचे, अशा खरेदीदाराशी स्पर्धा करताना येथेच राहणारा कारकून पाथर्डी फाट्याकडे, म्हसरूळच्या पलीकडे आणि आणखी दूर सरकत गेला. घर दूर गेले म्हणून दुचाकी आली, एक नव्हे दोन आल्या. महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. या एका बाबतीत संभाजीनगराने नाशिकच्या आधी, २०१९ च्या सुमारास, स्वतःची शहर बस रस्त्यावर आणली होती.

भाजीपाल्याचीही अशीच गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा पिकतो, तेथे ते स्वस्त असतील असा बाहेरच्यांचा समज असतो. परंतु येथील माल पहाटेच मुंबईकडे निघतो आणि मुंबई देईल त्या भावाची सावली येथील मंडईवर पडते. कांद्याच्या बाबतीत तर नाशिकच्या पगारदाराचे मन दुभंगलेले असते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले, तेव्हा शहरातील स्वयंपाकघरांना दिलासा मिळाला. पण त्याच घरातील कर्त्या पुरुषाचा भाऊ निफाड किंवा चांदवड तालुक्यात चाळीतला कांदा तोट्यात विकत होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा हा आनंद आणि हे दुःख यांची अदलाबदल झाली. महागाई म्हणजे केवळ दुःख, असे समीकरण या शहराला लागू पडत नाही. त्याची पाळेमुळे अजून शेतात आहेत.

दोन शहरांचे स्वभाव घडले तेही वेगवेगळ्या राजवटींत. येवल्यापुढे वैजापूर लागले की १९४८ पूर्वी ब्रिटिश हद्द संपून निजामाचे राज्य सुरू होत असे. नाशिकच्या बाजूला रेल्वे, नोटांचा छापखाना, १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आणि तीर्थक्षेत्राची सुस्त, संथ सुबत्ता होती. पलीकडे सुभ्याचे जुने वैभव, दख्खनी उर्दूचा लहेजा आणि उच्च शिक्षणाची विलक्षण उपासमार. या उपासमारीतूनच त्या शहराला निराळी धार आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा धागा या दोन्ही शहरांतून जातो, आणि तो नाशिकला अंतर्मुख करणारा आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, ते औरंगाबादेत. १९५८ मध्ये तेथे विद्यापीठ आले, १९८०च्या दशकात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. नाशिकला मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. परंतु कला-विज्ञानाच्या पदवीधराचे विद्यापीठ आजही पुण्यात आहे. विद्यापीठाच्या विभागात शिकण्यासाठी नाशिकच्या मुलाला पुण्यात खोली घ्यावी लागते, तर संभाजीनगरचा मुलगा घरचा डबा घेऊन विद्यापीठात जातो. राहणीमानाच्या खर्चात हा हिशेब धरला, तर पाण्यामुळे झुकलेले पारडे थोडे सावरते.

अशी ही दोन शहरे एकमेकांविरुद्ध उभी राहतात, ती पाण्यावरूनच. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व स्वीकारले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असा दंडक त्यातून पुढे आला. २०२३ मध्ये नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील धरणांतून ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला, आणि दोन्हीकडे भाषणांना ऊत आला. ‘आमचे पाणी’ हा शब्दप्रयोग दोन्ही बाजूंनी सारख्याच आवेशाने वापरला गेला. पाणी नदीतून खाली गेल्याने नाशिकच्या सदनिकेतील नळ बंद पडला नाही आणि पैठणला पोहोचल्याने संभाजीनगरचा नळ रोज येऊ लागला नाही. धरण भरलेले असतानाही त्या शहराचे नळ कोरडे राहत आले आहेत. अडचण साठ्याहून अधिक वाहिन्यांची, उपशाची आणि वितरणाची आहे. नाशिकशी भांडणे सोपे आहे. आपल्याच महापालिकेला जाब विचारणे अवघड. त्यातही हा जाब विचारायचा तरी कोणाला, असा प्रश्न मध्यंतरी होता. संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून आणि नाशिकमध्ये मार्च २०२२ पासून प्रशासकाची राजवट आली, आणि १९८२ मध्ये एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन्ही महापालिकांच्या निवडणुकांसाठी जानेवारी २०२६ उजाडावा लागला.

आठव्या वेतन आयोगाची नेमणूक नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आहे. भत्त्यांचे दर आणि शहरांची वर्गवारी यांवर कर्मचारी संघटना आता निवेदने तयार करतील. टक्केवारी वाढवून मागण्यात त्या कधी मागे राहिल्या नाहीत. केवळ डोक्यांच्या गणतीवर शहराचा वर्ग ठरवण्याची पद्धत मात्र त्यांनी आजवर निमूट स्वीकारली. भाडे प्रत्यक्षात काय आहे, नळ आठवड्यातून किती दिवस चालतो, बस मिळते की नाही, हे मोजणे अशक्य नाही. महापालिकांना ते दरवर्षी जाहीर करण्यास भाग पाडता येईल. भत्ता चार टक्क्यांनी वाढला, तर चाळीस हजारांच्या मूळ वेतनावर महिन्याला सोळाशे रुपये अधिक मिळतील. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरवाल्याच्या हाती ते कधी गेले, हे संभाजीनगरच्या कर्मचाऱ्याला कळणारही नाही. नाशिकच्या कर्मचाऱ्याचे ते पेट्रोलात जातील.