शिवणयंत्र : नवे की जुने?

आजेसासूबाईंचे शिवणयंत्र भंगारात देऊन नवे आणावे काय, हा प्रश्न अनेक भगिनींपुढे असतो. निर्णय यंत्राच्या टिपेवरून करावा.

हातचाक सावकाश फिरवून पाहावे. ते अडले, तरी यंत्र लगेच टाकाऊ समजू नये. पुष्कळदा आतले तेल वाळून चिकटलेले असते. खोबरेल तर मुळीच घालू नये. इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत ते थिजते. शिवणयंत्राचे पातळ तेल देऊन चाक हळूहळू फिरविल्यास असे यंत्र बहुधा मोकळे होते.

मग वर-खाली निराळ्या रंगांचे दोरे ओवून सुती कापडाच्या दोन व नंतर चार पदरांवर टीप घालावी. दोन्ही दोऱ्यांची गुंफण पदरांच्या मध्येच बसावी. एकाचा रंग दुसऱ्या बाजूस डोकावू नये. ताण जुळवूनही दोष राहिला, किंवा सुईचा दांडा डुगडुगत असला, तर ते यंत्र विकत घेऊ नये.

जुन्या यंत्रातील बॉबिन लांब, सळईसारखी असेल, तर सुटे भाग आपल्या गावी मिळतात का, याची आधी चौकशी करावी. नव्या यंत्रालाही हीच कसोटी लावावी. परकर, पडदे, अभ्रे यांना सरळ टीप पुरते. झिगझॅगसाठी जास्त पैसे देण्यापूर्वी आपली गरज पाहावी. घरचे यंत्र या परीक्षेत उतरले, तर नव्याचा खर्च खुशाल वाचवावा.